आत्या फोनवर एकदम ओके होती : एकटं राहणारं माणूस विसरायला लागतं तेव्हा

आपल्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकायला जमलं नाही, किंवा ऐकताना नंबर लिहून घ्यायचे राहिले, त्यांच्यासाठी. बोलताना मी जिथे जिथे अडखळले तेवढं काढून टाकलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

दर वेळी आपण ॲप, डेटा, एआय असलं काहीतरी बोलतो. आज विषय घरचा आहे. आणि भाग संपल्यावर तुम्हाला एक काम करायचंय. कुठलं, ते शेवटी सांगते.

रोज भात-आमटी

माझी आत्या घोटीला राहते. मुंबई-आग्रा हायवेवरून नाशिकला जाताना इगतपुरी सोडलं की लागतं ते घोटी. कळसूबाई किंवा भंडारदऱ्याला गेलेल्यांनी इथे थांबून चहा नक्की घेतला असेल. भाताचं गाव, तांदळाच्या गिरण्यांचं गाव, आणि पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन न दिसणारं गाव.

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवर शिकवून रिटायर झाली. आता ७३ वर्षांची आहे. काका जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. घर स्वतःचं, पेन्शन स्वतःची, आणि स्वभाव असा की कुणाचं उपकाराचं ओझं नको.

मी पुण्यात आयटीत. रोज संध्याकाळी सातला तिला फोन करायचे.

"आत्या, जेवलीस का?"

"हो गं, आत्ताच. भात-आमटी."

"गोळ्या घेतल्यास?"

"घेतल्या की. तू जेवलीस का? सारखं बाहेरचं खाऊ नकोस."

झालं. तीन-चार मिनिटांचा फोन. आवाज खणखणीत. मी निश्चिंत.

मागच्या दिवाळीला घोटीला गेले, तर दार उघडलेली आत्या बघून मला क्षणभर ओळखूच येईना. ब्लाउज खांद्यावरून ओघळत होता. स्वयंपाकघरात फडताळात साखरेच्या सात पिशव्या, एकही न फोडलेली. आत्याला मधुमेह आहे. फ्रीजमध्ये नासलेलं दूध. कुकरमध्ये बुरशी आलेला भात. आणि गोळ्यांच्या डब्यात बीपीचे तीन पत्ते कोरेच्या कोरे, तर मधुमेहाच्या महिनाभराच्या गोळ्या बारा दिवसांत संपलेल्या.

त्याच दिवशी तिने मी फराळाच्या डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीतली माझी चुकलेली वेलांटी पेनाने दुरुस्त केली.

या दोन गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत, एकाच दिवशी खऱ्या असू शकतात. हे कळायला मला फार उशीर झाला. आजचा भाग त्याबद्दल आहे.

ती खोटं बोलत नव्हती

पहिला प्रश्न मलाही पडला होता. रोज "जेवले" म्हणायची, मग ते काय होतं?

डॉक्टरांनी समजावलं ते सोप्या भाषेत सांगते. नवीन घडलेलं साठवण्याची ताकद आधी कमी होते. जुन्या गोष्टी, भाषा, बोलायची रीत, पाहुण्याशी कसं वागायचं, हे खूप नंतरपर्यंत शाबूत राहतं. "जेवलीस का?" या प्रश्नाचं उत्तर आपण आयुष्यभर "हो" असंच देत आलोय. आत्ता आठवत नसेल तर मेंदू ती रिकामी जागा नेहमीच्या उत्तराने भरतो. बोलणाऱ्यालाही ते खरंच वाटत असतं. शिवाय थोडं कळत असतं की काहीतरी बिनसलंय. मग माणूस ते झाकतोही. विनोद करतो, विषय बदलतो, "तू जेवलीस का?" असा उलटा प्रश्न टाकतो.

तीन-चार मिनिटांच्या फोनवर हे पकडणं जवळपास अशक्य आहे.

मग साधं विसरणं आणि आजार यात फरक काय? चष्मा कुठे ठेवला, नाव जिभेवर आहे पण आठवत नाही, हे वयानुसार होतं. विसरण्यामुळे रोजची कामं बिघडायला लागली, म्हणजे औषधं, पैसे, स्वयंपाक, ओळखीचा रस्ता, तर ते वेगळं. स्मरणशक्ती वयाच्या मानाने कमी झालीय पण रोजची कामं जमताहेत, अशी एक मधली पायरीही असते. त्या पायरीवरचे सगळेच पुढे डिमेन्शियाकडे, म्हणजे स्मृतिभ्रंशाकडे, जातात असं नाही. म्हणून घाबरून न जाता तपासून घेणं महत्त्वाचं.

भारतात हे किती मोठं आहे? लासी-डॅड नावाच्या देशव्यापी अभ्यासावरून २०२३ मध्ये आलेला अंदाज असा: साठीच्या पुढच्या लोकांमध्ये ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. आणि त्याच लासीच्या २०१७-१८ च्या मोठ्या पाहणीत साठीच्या पुढच्या शंभरातली सहाएक माणसं एकटी राहत होती. त्यातही बायकांचं प्रमाण पुरुषांच्या कितीतरी वर. म्हणजे माझी आत्या काही जगावेगळी नाही.

एकटं असलं की नेमकं काय बदलतं?

हा आजार ओळखताना डॉक्टर पेशंटला जेवढे प्रश्न विचारतात तेवढेच सोबत आलेल्या माणसाला विचारतात. "आधी कशा होत्या? कधीपासून बदल? पैशांचा हिशोब जमतो का?" नवरा किंवा बायको असली की ती सांगते. एकट्या माणसाच्या बाबतीत हे सांगणारंच कुणी नसतं. मी गेले होते, पण मला काय माहीत होतं? भात-आमटी.

दुसरी भानगड चाचणीची. तारीख सांगा, चित्र काढा, शंभरातून सात-सात वजा करा, असल्या चाचण्या शिकलेल्या माणसाला समोर ठेवून बनल्या आहेत. शाळेत न गेलेली आजी त्यात उगाच नापास होते. म्हणून हरियाणातल्या बल्लभगडमध्ये १९९० च्या दशकात निरक्षर लोकांसाठी एक वेगळी हिंदी चाचणी तयार करण्यात आली. आमच्याकडे उलटं झालं. आत्या शिक्षिका! वजाबाकी तिने डॉक्टरांच्या आधी केली. पहिल्या भेटीत ती जवळपास पूर्ण पास होती. मी मोबाइलमध्ये काढून नेलेले गोळ्यांच्या पत्त्यांचे आणि फडताळाचे फोटो दाखवले, तेव्हा डॉक्टर सावरून बसले.

म्हणून पहिली टिप: दवाखान्यात जाताना घराचे फोटो घेऊन जा.

दुसरी टिप, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. विसरण्यामागे बरी होणारी कारणंही असतात. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या किंवा इतर काही गोळ्यांचा परिणाम, डोक्याला मार लागून आत हळूहळू साचलेलं रक्त. कमी ऐकू येत असेल तरी माणूस हरवल्यासारखं वागतं. आणि एक-दोन दिवसांत अचानक कुणी बरळायला लागलं, दिवस-रात्र कळेनासं झालं, तर बहुतेकदा लघवीचं किंवा छातीचं इन्फेक्शन, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा साखर खाली जाणं असं काहीतरी असतं. तिथे वाट बघायची नाही, लगेच दवाखाना.

आत्याचं बी-१२ कमी निघालं. इंजेक्शनं झाली, थोडा फरक पडला. तरी बाकी जे उरलं त्याला डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीचा डिमेन्शिया."

मी केलेली चूक

आता इंजिनिअर माणूस काय करेल? मी ऑनलाइन ऑर्डर केली. हॉलमध्ये कॅमेरा. गोळ्यांसाठी फोनवर तीन अलार्म. दाराला सेन्सर, उघडलं की मला नोटिफिकेशन. रविवारी बसून सगळं सेट केलं आणि पुण्याला परत येताना मला वाटलं, सुटला प्रश्न.

जूनमध्ये पाऊस लागला. लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की सगळंच बंद. अलार्म वाजायचा, आत्या तो बंद करायची आणि परत वर्तमानपत्र वाचायला बसायची. कशासाठी वाजला हेच लक्षात नाही, मग वाजून उपयोग काय? कॅमेऱ्यावर तिने टॉवेल टाकला. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, "कोणीतरी बघत असतं गं मला तिथून." ती चुकीचं बोलत नव्हती. बघत होते मी.

एकदा दुपारी दाराचं नोटिफिकेशन आलं. दार उघडलं, आणि पुढचा पाऊण तास बंद झाल्याचं आलंच नाही. मी ऑफिसमध्ये मीटिंगमध्ये. घोटी पुण्यापासून पाच-सहा तास. मला कळलं होतं, पण मी करणार काय होते? शेवटी शेजारच्या काकूंना फोन केला. काकू गेल्या. आत्या ओट्यावर बसून लसूण सोलत होती, दार नुसतं उघडं राहिलं होतं.

त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अलर्ट कुठेही येऊ शकतो. दारात पोचायला मात्र दहा मिनिटांच्या अंतरावरचं माणूसच लागतं. मी सगळे पैसे अलर्टवर घातले होते आणि माणसाचा विचारच केला नव्हता. काकू होत्या म्हणून निभावलं, आणि त्यांना मी साधं विचारलंही नव्हतं.

डबा हा आमचा सेन्सर

मग सगळं उलटं सुरू केलं. आधी माणूस, मग गॅजेट.

काकू आधीच दोन-तीन ठिकाणी डबे देत होत्या. आम्ही त्यांना विचारलं, आत्यालाही दुपारचा डबा द्याल का? पैसे ठरवले. डब्याचे वेगळे आणि तिथे अर्धा तास बसण्याचे वेगळे. काकू आधी "अहो, शेजारधर्म आहे, पैसे कसले!" म्हणाल्या. पण बाबांनी आग्रह धरला, आणि बरोबर केलं. शेजारधर्म आठवडाभर चालतो. हे काम वर्षानुवर्षं चालणार आहे, आणि असलं काम करणाऱ्या बाईचा वेळ फुकट असतो असं आपण उगाच धरून चालतो.

आता बघा, एका डब्याने किती गोष्टी होतात. जेवण पोचतं. काकू बसलेल्या असतात म्हणून आत्या खरंच जेवते. समोर कुणी जेवायला असलं की भूक लागते, एकटीला लागत नाही. गोळी काकूंच्या हातून जाते. आदल्या दिवशीचा डबा भरलेला परत आला तर काहीतरी बिघडलंय, हे त्याच दिवशी कळतं. लाइट गेली तरी हा सेन्सर बंद पडत नाही. आणि आत्याच्या दृष्टीने तिच्यावर कुणी नजर ठेवत नाही, काकू गप्पा मारायला येतात.

काकू मला व्हॉट्सॲपवर एवढंच टाकतात: रिकाम्या डब्याचा फोटो. तो आला की माझा दिवस सुरू.

पण इथेही एक धडा मिळाला. जुलैत भाताची आवणी सुरू झाली आणि काकू आठवडाभर शेतावर. अख्खी गल्लीच शेतावर! सॉफ्टवेअरमध्ये आम्ही शिकतो की सगळं एकाच सर्व्हरवर ठेवू नये, आणि घरी तेच केलं होतं. मग दुसरा माणूस शोधला. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, जो आत्याचाच जुना विद्यार्थी निघाला. आवणीत आणि काकू गावाला गेल्या की त्याची बायको डबा नेते. घराची एक चावी काकूंकडे, एक त्यांच्याकडे.

बाकीच्या गरजा, एकेक करून

*औषधं.* डॉक्टरांना सरळ सांगा, "त्या एकट्या राहतात, गोळ्या दिवसातून एकदाच देता येतील का?" बऱ्याचदा देता येतात. आमच्या डॉक्टरांनी चार वेळच्या गोळ्या दुपारच्या एका वेळेवर आणल्या. घरात आठवड्याच्याच गोळ्या ठेवायच्या, बाकी काकूंकडे. मधुमेहाच्या काही गोळ्या दोनदा घेतल्या गेल्या तर साखर एकदम खाली जाते आणि ते जिवावर बेतू शकतं. आत्याला पहाटे दरदरून घाम यायचा, तो कशाचा होता हे आम्हाला आत्ता कळतंय.

*गॅस.* संध्याकाळचा चहा ती स्वतः करते आणि ते तिला करू द्यायचं, असं ठरलं. पण आपोआप बंद होणाऱ्या इलेक्ट्रिक किटलीत. सिलिंडर रेग्युलेटरवरून बंद असतो.

*पैसे.* इथे बरेच जण फसतात. लोकांना वाटतं, मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं. पण भारतीय करार कायदा १८७२, कलम २०१ प्रमाणे, ज्याने अधिकार दिला त्याचीच समज गेली की दिलेला अधिकारही संपतो. म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हाच तो कागद लंगडा पडतो. नंतर पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून मृत्युपत्र, नॉमिनी, कुठलं बिल कुठल्या खात्यातून जाणार, पुढे कुणासोबत राहायला आवडेल, हे सगळं समज शाबूत असताना, त्यांना विचारून, वकिलाला सोबत घेऊन करा. आत्याचं लाइट बिल आता बँकेतून परस्पर जातं. रोजच्या खर्चाचं खातं वेगळं, त्यात थोडेच पैसे. मोठी रक्कम दुसरीकडे. ओटीपी विचारणाऱ्या फोनला ती "सर" म्हणून आदराने उत्तर द्यायची! तसं काही घडलं तर लगेच १९३० ला कळवायचं. आणि पेन्शनरांना हयातीचा दाखला दर वर्षी नोव्हेंबरात द्यावा लागतो. तो त्यांच्या लक्षात राहणार नाही, तुमच्या कॅलेंडरमध्ये टाका.

*वाट चुकणं.* सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' पाहिला असेल तर आठवेल. मोहन आगाशे त्यात संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक आहेत. गाडीत बसलेले असताना हत्ती दिसतो, ते उतरतात आणि त्याच्यामागे चालू लागतात. घरचे शोधत फिरतात, आणि त्यांना सांभाळते ती माहुताची बायको, जिला त्यांचं नावही माहीत नाही. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमात हत्ती आहे. घोटीत हायवे आहे आणि रेल्वेलाइन आहे.

जपानने यावर साधा उपाय काढला. ओमुता नावाच्या शहरात लोक अशा हरवलेल्या माणसाला शोधायची तालीम करतात, जशी आपल्याकडे आगीची मॉक ड्रिल होते तशी. २००५ पासून देशभर दीडेक तासाचं एक छोटं प्रशिक्षण सुरू झालं: असं माणूस दिसलं तर कसं बोलायचं, एवढंच. दुकानदार, बँकवाले, शाळकरी मुलं, असे एक कोटीच्या वर लोक ते शिकलेत.

आपण घोटीत काय केलं? रिक्षा स्टँड, मेडिकल, किराणा आणि देऊळ, अशा चार ठिकाणी मी स्वतः जाऊन सांगितलं, "बाई एकट्या लांब दिसल्या तर हटकू नका. 'बाई, कुठे निघालात? चला, मीही तिकडेच चाललोय' म्हणा आणि मला फोन करा." आत्याच्या पर्समध्ये नाव आणि दोन फोन नंबर असलेलं कार्ड आहे. माझ्या मोबाइलमध्ये तिचा ताजा फोटो. आणि माणूस हरवलं तर २४ तास थांबायचं असा काही नियम नाही. लगेच ११२ लावा.

मला आधी वाटत होतं, गावात सांगितलं तर तिची लाज निघेल. बाबा तर महिनाभर तयार नव्हते. पण रिक्षावाल्या दादांनी ऐकून एवढंच विचारलं, "माझ्या आईचंही असंच चाललंय. डॉक्टर कोणते?"

पुण्याला का नाही नेलं?

हा प्रश्न सगळे विचारतात. नेलं होतं. बारा दिवस. माझ्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती रात्री मागचं दार शोधत फिरायची. बाथरूम सापडायचं नाही. घोटीच्या घरात अंधारातही तिचे हात बरोबर खटक्यावर जातात, कारण ते घर तिच्या अंगात आहे. नवीन जागेत सगळं परत शिकावं लागतं, आणि नवीन शिकणंच तर गेलंय. तेराव्या दिवशी तिने पिशवी भरली. "मला माझ्या घरी सोड," म्हणाली.

पण खरं सांगते, हे कायमचं चालणार नाही. डॉक्टरांनी आम्हाला खुणा लिहून दिल्यात: रात्रीबेरात्री बाहेर पडणं, पुन्हापुन्हा पडणं, डबा असूनही वजन उतरत राहणं, शी-शूचं भान जाणं, धोका न कळणं. यातलं काही सुरू झालं की एकटं राहणं संपलं. तेव्हा घरात चोवीस तास माणूस, किंवा कुणाकडे तरी राहणं, किंवा अशा पेशंटना सांभाळणारी संस्था. त्यावर आमच्या घरात अजून भांडणं चालू आहेत. चुलत भाऊ म्हणतो, खर्च सारखा वाटून घेऊ. काकी म्हणते, घर कुणाला मिळणार ते आधी ठरवा. सगळ्यांच्या घरी असंच असतं. म्हणूनच आत्ताच बोलून घ्यायचं.

कायद्याचं एक सांगते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा फक्त मुलांपुरता नाही. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठांची मालमत्ता ज्या नातेवाइकांकडे आहे किंवा वारसाने जाणार आहे, त्यांच्यावरही सांभाळायची जबाबदारी येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा.

सरकारकडून काय मिळतं, काय नाही

लिहून घ्या. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन, सकाळी ८ ते रात्री ८. १४४१६ म्हणजे टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी, चोवीस तास. सांभाळणाऱ्यालाही तिथे बोलता येतं. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या ६५ च्या पुढच्यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. हे किरकोळ समजू नका. ऐकू न येणं हे डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या कारणांपैकी एक आहे. निराधारांसाठी श्रावणबाळ योजना. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड.

यात तुम्हाला काय दिसत नाही? घरी येणारं माणूस. दवाखान्यातला खर्च मिळेल, पण दुपारी घरी येऊन "बाई, गोळी घेतलीत का?" विचारणारं कुणी नाही.

आणि हे जमत नाही अशातला भाग नाही. शेजारच्या गोव्यात करून पाहिलंय. डॉ. अमित डायस आणि 'संगाथ' संस्थेच्या लोकांनी स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं. त्यांचं मोठं वैद्यकीय शिक्षण झालेलं नव्हतं. ही माणसं पंधरा दिवसांतून निदान एकदा, सहा महिने, डिमेन्शियाच्या पेशंटच्या घरी जात. आजार समजावून सांगणं, त्रासदायक वागणं कसं हाताळायचं ते दाखवणं, सरकारी योजनांची माहिती देणं, आणि मागे मानसोपचारतज्ज्ञांचा आधार. ८१ कुटुंबांवरच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले: सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण लक्षात येण्याइतका कमी झाला. पण ती मदत सांभाळणाऱ्याला होती. ज्याच्या घरात सांभाळणारंच कुणी नाही, त्याच्यासाठी असं येणारं माणूस तर आणखी जास्त हवं. आपल्या गावात आशाताई घरोघर जातातच. त्यांना नीट प्रशिक्षण आणि त्याचा नीट मोबदला मिळाला तर हे उद्या सुरू होऊ शकतं. तोपर्यंत ज्याला त्याला आपापल्या काकू शोधाव्या लागतायत.

आता कसं चाललंय

आत्याचं वजन परत चढलंय. पहाटेचा घाम थांबलाय. कॅमेरा मी काढून टाकला, दाराचा सेन्सर ठेवलाय, कारण आता त्याचा अलर्ट काकूंकडेही जातो. अधूनमधून ती मला माझ्या आईच्या नावाने हाक मारते. मी दुरुस्त करत नाही. वेलांट्या मात्र अजून माझ्याच चुकतात.

सातचा फोन मी अजून करते. फक्त "जेवलीस का?" विचारत नाही, ते मला डब्याच्या फोटोवरून कळलेलं असतं. मी विचारते, "आत्या, वाडीवरच्या शाळेत पहिल्या दिवशी काय झालं होतं गं?" मग ती वीस मिनिटं बोलते. तीच गोष्ट, रोज थोडी वेगळी.

आता तुमचं काम. तुमच्या घरात कुणीतरी एकटं राहतंय. आजी, मामा, मावशी, जुने शेजारी. येत्या रविवारी फोन न करता प्रत्यक्ष जा. फ्रीज उघडा. गोळ्यांचे पत्ते मोजा. बिलं बघा. कपडे सैल झालेत का, नखं कापलीत का, ते बघा. आणि परत निघण्याआधी शेजारचं दार वाजवून तिथल्या काकूंचा नंबर घ्या, तुमचा त्यांना द्या.

जाणं अगदीच शक्य नसेल, तर जवळ राहणाऱ्या कुणाला तरी आजच फोन करा आणि "जरा डोकावून येता का?" एवढं विचारा.

हा भाग फॅमिली ग्रुपवर टाका. गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये एखाद दिवस हेही जाऊ दे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, स्वतःची आणि त्यांचीही.